वाघाचा धीर

सिलेक हारिमाउचे प्रात्यक्षिक पाहू लागलो की आपली नजर आधी बोटांवर जाते. ती आकड्यासारखी वाकलेली असतात, पंज्यासारखी पसरलेली असतात, आणि ही वाघाची युद्धकला आहे हे आधीच कानावर पडलेले असल्यामुळे आपण त्या बोटांत नखे शोधू लागतो. हा शोध क्षणभर बाजूला ठेवू आणि नजर थोडी खाली, तळहात जिथे मातीला भेटतो तिथे नेऊ. लढवय्या उकिडवा बसल्यासारखा खाली आला आहे, एक पाय दुमडून त्यावर देहाचा सारा तोल त्याने सोपवला आहे, दुसरा पाय लांब पसरला आहे आणि पुढचा हात जमिनीवर आहे. टेकला म्हणावा इतका तो जड नाही, उचलला म्हणावा इतका अधांतरीही नाही. पेरांखाली माती आहे आणि तळव्याखाली मूठभर पोकळी. तेवढ्या पोकळीत पुढची हालचाल दबा धरून बसलेली असते.

ही कला पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकबाउ लोकांची. इंडोनेशियातल्या देशी युद्धकलांना मिळून पेंचक सिलत म्हणतात. सिलेक हे त्याचेच मिनांगकबाउ रूप. सिलेकच्याही पुष्कळ शाखा आहेत: सिलेक तुओ, कुमांगो, लिंताउ, सितारालाक, पाउआह. प्रत्येकीची चाल निराळी, प्रत्येकीचा अभिमान निराळा. त्या सगळ्यांत वाघाचे नाव धारण करणारी ही शाखा जमिनीच्या सर्वांत जवळची. ती अशी का झाली, हे उमगायला त्या जमिनीकडेच पाहावे लागते. सुमारे २,८९० मीटर उंचीचा मरापी ज्वालामुखी, त्याच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेली भातखाचरे, आणि वर्षभर न सरणारा पाऊस. किनाऱ्यावरच्या पादांग शहरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाणी कोसळते. अशा मुलखात पायाखालची माती क्वचितच कोरडी असते. बांधावर शेवाळ, वाटेवर चिखल, रानात कुजलेल्या पानांचा थर. तिथे छाती काढून ताठ उभा राहणारा वीर पहिल्याच झटापटीत घसरणार. परंपरेने सांगितलेले कारण हेच आहे: जी जमीन उभे राहू देत नाही, तिच्याशी भांडण्यापेक्षा तिच्या कुशीत शिरावे. पतनाची भीती घालवण्याचा इतका सरळ उपाय दुसरा नाही. जो आधीच खाली आहे, त्याला पाडणार कोण?

आणि खाली येताच युद्धाची भूमितीच पालटते. उभा प्रतिस्पर्धी आता छातीवर वार करू शकत नाही, कारण छाती तिथे नाही. त्याला वाकावे लागते, आणि वाकताना त्याचा स्वतःचा तोल पुढे कलतो. त्याच्या डोळ्यांसमोर केवळ एक डोके आणि एक खांदा उरतो, तर खाली बसलेल्याच्या हाताशी त्याचा घोटा, नडगी, गुडघा, सगळा पाया येतो. मग पसरलेला तो पाय, जो आपल्याला आतापर्यंत शोभेचा वाटत होता, एकाएकी बोलू लागतो. एक पाय घोट्यामागे, दुसरा गुडघ्यापुढे, आणि कात्री मिटावी तसे दोन्ही पाय मिटतात. माणूस कोसळतो तेव्हा त्याला ढकलल्यासारखे दिसतही नाही. त्याच्याखालचा आधारच कोणी अलगद काढून घेतल्यासारखे वाटते. वाघही सावज असेच मिळवतो. गळा धरण्याआधी तो भक्ष्याचा तोल घालवतो, त्याला मातीवर आणतो. या कलेने वाघाच्या डरकाळीचे सोंग घेतले नाही, झेपेचाही फारसा बडिवार माजवला नाही. वाघाची ही मूळ युक्ती मात्र तिने नेमकी टिपली.

आता चाल पाहू. मिनांगकबाउ गुरू शिकवणीचा आरंभ प्रहारापासून करत नाहीत. आरंभ पावलापासून होतो. लांगकाह म्हणजे पाऊल, आणि लांगकाह तिगो, लांगकाह आम्पेक अशा तीन-चार पावलांच्या आकृत्यांवर सगळी विद्या उभी असते. पाऊल पुढे जाते, पण शरीर त्याच्यामागून लगेच धावत नाही. आधी पायाची कड जमिनीला लागते, मग तळवा, मग टाच. मागच्या पायावरचा भार थेंबाथेंबाने पुढे येतो, आणि पुढची जमीन फसवी निघाली तर तो भार विनातक्रार मागे परततो. दोन पावलांच्या मधली ही अवस्था फार सुंदर असते. वजन ना मागे ना पुढे, निर्णय ना झाला ना टळला. गवतातून सरकणाऱ्या वाघाचे मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावरच पडते, म्हणजे काटकी मोडायची भीती एकदाच घ्यावी लागते. सिलेकच्या पावलातही हीच काटकसर आहे. प्रत्येक पाऊल परत घेता यावे इतके सावध, आणि घेतलेच तर मागे वळून पाहावे लागू नये इतके निःशंक. हल्ला आला की कमरेतून एक वळण येते, त्याला गेलेक म्हणतात. पाय तिथेच राहतात, धड तेवढे आपल्या आसाभोवती फिरते आणि वार अंगाला चाटून निघून जातो. वार करणाऱ्याच्या दृष्टीने लक्ष्य जागेवरच होते. फक्त तो पोहोचला तेव्हा तिथे कोणी नव्हते.

इथे रसिक म्हणून आपल्यापुढे एक गोड पेच उभा राहतो. युद्ध म्हटले की आपल्या मनात वीररस सिद्ध असतो, त्याचा स्थायीभाव उत्साह, त्याचे आवेश, त्याची गर्जना. वाघ म्हटला की भयानकाची चाहूल लागते. पण सिलेक हारिमाउ पाहताना या दोहोंपैकी काहीच पुरते हाती येत नाही. समोरासमोर दोघे बसले आहेत, एकमेकांभोवती संथपणे फिरत आहेत, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. नवख्या प्रेक्षकाला ही प्रस्तावना वाटते. जाणत्याला कळते की कथा तर केव्हाच सुरू झाली आहे. नाट्यशास्त्राने तेहतीस व्यभिचारी भावांत धृतीची गणना केली आहे, मनात येऊन जाणारी, इतर भावांना टेकू देणारी ती एक पाहुणी. या कलेत ही पाहुणीच घरधनीण होऊन बसते. उत्साह आहे, पण तो धृतीच्या आज्ञेत आहे; भय आहे, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या मनात हळूहळू पाझरावे म्हणून राखून ठेवलेले आहे. हात किंचित हलतो तो मारण्यासाठी नाही. तो एक दार उघडे ठेवतो, खांद्याची एक बाजू मुद्दाम मोकळी सोडतो. समोरच्याला ती संधी वाटते आणि तो आत येतो. वाट पाहणे हे इथे आमंत्रण असते.

या स्तब्धतेलाही नाद आहे. मिनांगकबाउ लढवय्ये काळी, सैल, गुडघ्यांच्या मध्ये खोलवर झोळ सुटलेली विजार घालतात. तिचे नाव गलम्बोंग. हा झोळ पाय फाकवून खाली बसण्यासाठी सोयीचा, हे तर उघडच आहे. पण कलावंतांनी त्या सोयीतून एक वाद्य घडवले. रांदाई या मिनांगकबाउ लोकनाट्यात नट वर्तुळाकार उभे राहतात, सिलेकची पावले टाकत कथेची पदे गातात, आणि पद संपले की गुडघे फाकवून तो ताणलेला झोळ तळहाताने वाजवतात. सगळ्या वर्तुळातून एकाच क्षणी धप्प असा नाद उठतो, नगाऱ्यासारखा घुमतो आणि नटांच्या देहांतच विरतो. बाजूला तालेम्पोंगच्या पितळी घंटा आणि सालुआंगची बांबूची बासरी असते खरी, परंतु त्या नादाचा रुबाब निराळा. ज्या हाताने प्रतिस्पर्ध्याचा पाय धरायचा तोच हात इथे ताल धरतो. ज्या बैठकीतून माणूस पाडायचा त्याच बैठकीतून कथेचा पुढचा प्रवेश उघडतो. युद्ध आणि नृत्य यांत कोण आधीचे हा वाद विद्वानांना लखलाभ असो. आपल्याला एवढे दिसते की एकाच पावलात दोन्ही सुखाने नांदतात आणि कोणालाही जागा अपुरी पडत नाही.

आता नखांकडे येऊ; ती इतका वेळ थांबली आहेत. मिनांगकबाउंचे कुराम्बिआक, म्हणजे जगभर करंबित म्हणून ओळखले जाणारे शस्त्र, हे एक लहानसे वाकडे पाते. परंपरा सांगते की त्याचा आकार वाघाच्या नखावरून घेतला आहे. मराठी मनाला वाघनख नवे नाही. पण आपल्या वाघनखात पोलादी नखांची रांग असते, इथे एकच नख आहे आणि ते एकटेपण विचार करायला लावते. ते मुठीत मावते, दिसत नाही, त्याची धार आतल्या वळणाला असते. सरळ सुरी भोसकायला दुरून येते. हे पाते जवळ आलेल्याच्या शरीराला आकड्यासारखे लागते आणि मागे खेचताना कापते. म्हणजे ते चालवायचे तर शत्रूला आपल्या निःश्वासाच्या टप्प्यात येऊ द्यावे लागते. धीर, जवळीक, आमंत्रण हे जे सगळे आपण हातापायांत पाहिले, तेच या बोटभर लोखंडात वाकून बसले आहे. सुताराच्या आणि शेतकऱ्याच्या हत्यारांत जसा उपयोगाचा सगळा इतिहास आकाराला येतो, तशी या नखाच्या कमानीत एका पूर्ण युद्धविचाराची कमान आहे.

पण ज्याचे नख घेतले, ज्याची चाल घेतली, त्याच्याकडे हे लोक कोणत्या दृष्टीने पाहतात? रानात शिरलेला मिनांगकबाउ माणूस वाघाचे नाव घेत नाही. तो त्याला इन्यिआक, आजोबा, म्हणतो. बेंकुलूला ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत राहिलेल्या विल्यम मार्सडनने १७८३ साली सुमात्राचा इतिहास लिहिला, त्यातही या बेटावरचे लोक वाघाविषयी पूर्वजांविषयी बोलावे तसे दबकून, आदराने बोलतात असे त्याने नोंदवले आहे. हाच मान थोर धर्मपंडितांनाही मिळतो. बुकिटिंग्गीजवळच्या चांडुंगचे शेख सुलेमान अर-रसूली (१८७१–१९७०) आयुष्यभर इन्यिआक चांडुआंग म्हणूनच ओळखले गेले. ज्याला आपण वडीलधारे मानतो त्याची नक्कल करताना आपण त्याचा आवाज काढत नाही, त्याच्या मिशा लावत नाही. त्याचे वागणे अंगी बाणवतो. सिलेक हारिमाउमध्ये मुखवटा नाही, पट्टे नाहीत, गुरगुर नाही, याचे रहस्य मला या नात्यात दिसते. मिनांगकबाउंचे सर्वांत लाडके सूत्र असे की पसरलेला निसर्ग हाच गुरू. तांबो या त्यांच्या परंपरागत बखरींत तर मरापीच्या कुशीतल्या परियांगान गावी सिलेक जन्मास आली तेव्हा दातुआक सुरी दिराजो यांच्याभोवती चंपाचा वाघ, सयामचे मांजर, रानबोकड आणि मुआलिम कुत्रा असे चौघे होते, अशी कथा येते. ते खरोखरीचे प्राणी नसून दूरदेशींचे योद्धे असावेत असा अर्थ जाणकार लावतात. मला दोन्ही अर्थ एकदमच हवेसे वाटतात: माणसे जनावरांची नावे अभिमानाने मिरवत होती, आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नव्हता.

या विद्येची शाळा पाहिली की तिचा स्वभाव आणखी उमगतो. मिनांगकबाउ समाज मातृवंशीय. रुमाह गदांग ही शिंगांसारख्या टोकदार छपराची मोठी घरे आईकडून लेकीकडे जातात. वयात येऊ लागलेला मुलगा पूर्वी त्या घरात झोपत नसे. तो रात्री सुराउमध्ये, गावच्या प्रार्थनागृहात, राही. तिथे तो कुराण शिके, आणि इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर बाहेरच्या मोकळ्या जागेत, सासारानात, सिलेक. काळोखात शिकलेली ही विद्या म्हणूनच डोळ्यांपेक्षा त्वचेवर अधिक विसंबते. पुढे तो मुलगा मरांताउला निघे, म्हणजे दैव अजमावायला परमुलखी जाई, तेव्हा त्याच्या गाठोड्यात जमीनजुमला नसे. पाठांतर आणि पावले एवढेच पाथेय असे. प्रत्येक सरावाची सुरुवात आणि शेवट साम्बाहने होतो: दोघे खाली बसतात, हात मातीला लावतात, कपाळाशी नेतात, छातीशी आणतात, एकमेकांचे हात हलकेच स्पर्शून मागे सरतात. वडीलधारी माणसे सांगतात की सिलेक बाहेरून मित्र शोधते आणि आतून परमेश्वर. शत्रू शोधू नये, आणि समोर आलाच तर पाठ दाखवू नये. जो हात नंतर घोटा पकडणार आहे तोच आधी क्षमा मागून घेतो, हा क्रम मनात ठेवला तर पुढचा प्रत्येक प्रहार ऋणाईत वाटू लागतो.

या संयमाचे शिखर पाहायचे तर पारियामानच्या किनारपट्टीवरचे उलु आम्बेक पाहावे. लागा-लागा नावाच्या खास उभारलेल्या मंडपात दोन खेळाडू समोरासमोर येतात, मागे गायक दाम्पेआंगचे सूर लावतात, गावचे मानकरी टक लावून बसतात, आणि सबंध लढतीत कोणी कोणाला स्पर्श करत नाही. एकाने दुरूनच वार फेकावा, दुसऱ्याने दुरूनच तो झेलावा, आणि झेल वेळेवर साधला की चुकला हे शेकडो डोळ्यांनी क्षणात ओळखावे. प्रहारातून आघात वजा केला तर मागे काय उरते? उरतो तो निव्वळ हेतू, निव्वळ वेळ, निव्वळ जाण. स्वराला स्पर्श न करता श्रुतीचा भास करून देणाऱ्या गवयाचे कौतुक करणारे आपण, या अस्पर्श युद्धाची गोडी आपल्याला वेगळी सांगायला नको.

काळ पुढे सरकला तसे वाघाला नवी अंगणेही मिळाली. १८ मे १९४८ रोजी सुराकार्ता येथे इंडोनेशियाची पेंचक सिलत संघटना, इप्सी, स्थापन झाली. विखुरलेल्या गुरुकुलांना एक छप्पर आले. स्पर्धेच्या गादीवर ठोशाला एक गुण, लाथेला दोन आणि प्रतिस्पर्ध्याला पाडल्यास तीन; जमिनीवर आणणे हे सर्वांत मोलाचे, ही जुनी जाण त्या गुणपत्रिकेतही शाबूत आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत यजमानांनी या खेळाच्या सोळापैकी चौदा सुवर्णपदके जिंकली, डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने पेंचक सिलतच्या परंपरांना मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, आणि २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत हा खेळ आपल्याही दाराशी आला. पडद्यावर २००९ चा 'मरांताउ' आहे: गॅरेथ एव्हान्सचे दिग्दर्शन, आणि गाव सोडून जकार्ताला निघालेल्या मिनांगकबाउ तरुणाच्या भूमिकेत इको उवाइस. चित्रपटाचा वेग शहरी आहे, हाणामारी पुष्कळ आहे. पण मारामारीच्या ऐन भरात तो तरुण एकदम खाली बसतो, हात जमिनीकडे जातो, आणि त्या अर्ध्या क्षणात पश्चिम सुमात्राचा चिखल, सुराउचे अंगण, आईचे घर, सगळे त्याच्या गुडघ्यांत उतरलेले दिसते. चोखंदळ प्रेक्षकाने तो अर्धा क्षण पकडावा. बाकीची फोडाफोड आपोआप डोळ्यांना मिळते.

मूळ वाघ मात्र विरळ होत गेला. बालीचा वाघ संपला, जावाचाही संपला; सुमात्राच्या रानांत, केरिंची-सेब्लातसारख्या अरण्यांत, आता सुमारे चारशे ते सहाशे वाघ उरले असावेत असा अंदाज आहे. जावातल्या सुंदा प्रदेशात वाघाच्या हालचालींचे पामाचान आजही शिकवतात, पण ज्याच्यावरून ते शिकायचे तो तिथल्या रानात नाही. शिष्याने वाघ पाहायचा तो गुरूच्या देहात, गुरूने पाहिला तो त्याच्या गुरूच्या. अशा वेळी या कलांकडे आपण निरीक्षणाची दफ्तरे म्हणून पाहू लागतो: कोणी एके काळी फार जवळून, फार काळ, फार प्रेमाने पाहिले, आणि जे पाहिले ते कागदावर न लिहिता मांड्यांत, घोट्यांत, पाठीच्या कण्यात लिहून ठेवले.

आणि त्या पहिल्या पाहणाऱ्याचा विचार मनात आला की या कलेतल्या धीराचा उगमच बदलतो. वाघाचे पाऊल पावलावर कसे पडते, खांदे आळीपाळीने कसे वर येतात, झेपेआधी शेपटीचे टोक कसे स्थिरावते, हे टिपायचे तर पाहणाऱ्याला वाघापेक्षाही निश्चल बसावे लागले असणार. श्वास आवरून, अंग चोरून, मातीलगत. ज्या बैठकीला आपण इतका वेळ वाघाची बैठक म्हणत आलो, ती त्या झुडुपामागच्या माणसाचीही आहे. प्राणी आणि निरीक्षक यांच्यात पुढे कोणाचे काय हे वेगळे काढता येऊ नये इतका तो धीर एकजीव झाला. रसिकाला या कलेत घरच्यासारखे का वाटते, याचे उत्तर इथे मिळते: न झडप घालता, न डोळे मिटता, समोरच्या गोष्टीला तिचा पूर्ण वेळ देणे हाच आपलाही धर्म आहे, आणि मिनांगकबाउंनी त्याच धर्मातून एक युद्धकला घडवून दाखवली.